अणुकेंद्रक गोल की लांबट, हे कशावरून ठरवतात?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "अमेरिकेत युरेनियमची अणुकेंद्रकं प्रचंड वेगाने एकमेकांवर आदळवून त्यांच्या आकाराचा 'फोटो' काढला, अशी बातमी वाचली. मग युरेनियमचं केंद्रक लांबट असतं हे त्याच्या कितीतरी आधीपासून पुस्तकांत लिहिलेलं आहे, ते कशाच्या जोरावर? आणि आज एखाद्या केंद्रकाचा आकार मोजायचा झाला तर सगळ्यांत भरवशाची पद्धत कोणती?" विचारणारे एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहेत, त्यामुळे थोडी आकडेमोड चालेल असं धरतो.

मी गेली वीस-बावीस वर्षं गॅमा किरणांचे वर्णपट घेऊन केंद्रकांची रचना शोधायचं काम करतो. म्हणजे माझा कल कुठे असणार ते उघड आहे. न्हाव्याला विचारलं तर तो केस वाढलेत असंच सांगणार. तेवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

"भरवशाची पद्धत कोणती" याचं एका ओळीत उत्तर देता येत नाही, कारण 'आकार' म्हणजे नेमकं काय हे आधी ठरवावं लागतं. प्रोटॉन कसे पसरलेत ते हवंय, की प्रोटॉन-न्यूट्रॉन मिळून सगळं वस्तुमान? कायमचा आकार हवाय, की क्षणाक्षणाला डळमळणाऱ्या आकाराची सरासरी? आणि हातात काय आहे: बाटलीत भरून ठेवता येणारं स्थिर समस्थानिक, की सेकंदाला शंभर तयार होऊन लगेच नाहीसं होणारं? यातलं एक बदललं की पद्धत बदलते.

त्याहीआधी एक मूलभूत अडचण आहे, आणि ती समजली की बाकीचं सोपं जातं. प्रोटॉन सम आणि न्यूट्रॉनही सम असतील, तर केंद्रकाच्या मूळ, म्हणजे सर्वांत कमी ऊर्जेच्या, अवस्थेचा स्पिन (फिरण्याचं माप) शून्य असतो. स्पिन शून्य म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला सगळ्या दिशा सारख्या. केंद्रक आतून कितीही लांबट असलं तरी प्रयोगशाळेत बसलेल्या आपल्याला ते गोलच भासणार. नारळ सगळ्या दिशांनी गरगर फिरत ठेवला आणि कॅमेऱ्याचं शटर बराच वेळ उघडं ठेवलं तर फोटोत एक धूसर चेंडू येईल, तसंच. नारळाचा लांबटपणा त्याच्या स्वतःच्या चौकटीत आहे, आपल्या चौकटीत तो पुसला जातो. म्हणून एकतर त्याला आणखी फिरवून त्याची फिरण्याची तऱ्हा बघायची, नाहीतर बाहेरून विद्युतक्षेत्राने ओढून तो कसा प्रतिसाद देतो ते बघायचं, नाहीतर तो वळायच्या आत पकडायचा. तुम्ही वाचलेली बातमी या शेवटच्या प्रकारातली आहे. तिच्याकडे नंतर येतो.

विषम केंद्रकांना मूळ अवस्थेतही स्पिन असतो, त्यामुळे ही गोष्ट त्यांच्यापासून सुरू झाली. १९३५ मध्ये जर्मनीत शूलर आणि श्मिट हे दोघे युरोपियमच्या वर्णरेषांची अतिसूक्ष्म रचना, म्हणजे एका रेषेत दडलेल्या जवळजवळच्या उपरेषा, मोजत होते. रेषांमधली अंतरं नेहमीच्या नियमात बसेनात. केंद्रकाचा विद्युतभार गोल पसरलेला नाही, असं मानलं तरच ती बसत होती. युरोपियमचे दोन स्थिर समस्थानिक आहेत, १५१ आणि १५३. आजच्या मोजमापानुसार पहिल्याचा चतुर्ध्रुव आघूर्ण (विद्युतभार गोलापासून किती ढळलाय त्याचं माप) सुमारे ०.९ बार्न, दुसऱ्याचा सुमारे २.४ बार्न. फक्त दोन न्यूट्रॉनांचा फरक आणि लांबटपणाची खूण अडीचपटीहून जास्त! पहिल्यात न्यूट्रॉन ८८, दुसऱ्यात ९०. हे दोन आकडे लक्षात ठेवा, कारण हीच वेस आपल्याला पुन्हा पुन्हा ओलांडायची आहे.

केंद्रक असं लांबट होऊ शकतं याचं कारण १९५० मध्ये रेनवॉटर यांनी सुचवलं: बाहेरच्या कक्षेतले कण आतल्या गाभ्याला ओढून विकृत करतात. मग कोपनहेगनमध्ये ऑगे बोर (नील्स बोर यांचे चिरंजीव) आणि बेन मॉटेलसन यांनी त्यावर अख्खी इमारत उभी केली. तिघांना १९७५ चं नोबेल मिळालं. त्या इमारतीतली एक साधी गोष्ट आपल्याला इथे पुरेल. पूर्ण गोल वस्तूला पुंजयांत्रिकीत फिरवताच येत नाही, कारण फिरल्याने काहीच बदलत नाही. म्हणजे एखादं केंद्रक फिरताना दिसलं की ते गोल नाही. आणि फिरणाऱ्या वस्तूच्या ऊर्जापातळ्या स्पिन गुणिले स्पिन-अधिक-एक या प्रमाणात चढतात. स्पिन २ साठी ६, स्पिन ४ साठी २०. भागाकार ३.३३. याउलट केंद्रक मुळात गोल असून नुसतं थरथरत असेल तर पायऱ्या समान अंतरावर येतात आणि भागाकार २ च्या आसपास येतो.

आता तुमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत या. गॅमा शोधकाचं (डिटेक्टरचं) अंशांकन (कॅलिब्रेशन) करायला तिथे युरोपियम-१५२ चा स्रोत बहुधा असेलच. प्लॅस्टिकची छोटी चकती, साधारण नाण्याएवढी. विद्यार्थी त्याचा वर्णपट घेतात, १२१.८, २४४.७, ३४४.३ अशा रेषा ओळखतात, आलेख काढतात आणि जर्नल सही करून घेतात. (ऊर्जा किलोइलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये आहेत. प्रयोगशाळेत सगळे 'केईव्ही' म्हणतात, मीही इथे तेच म्हणेन.) मीही एम.एस्सी.ला हेच केलं होतं. त्या रेषा नुसत्या मैलाचे दगड नाहीत, त्यांत दोन केंद्रकांचे आकार लिहिलेले आहेत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

युरोपियम-१५२ दोन वाटांनी विघटित होतं. एका वाटेने समॅरियम-१५२ बनतं, दुसऱ्या वाटेने गॅडोलिनियम-१५२. दोघांचा वस्तुमानांक तोच. समॅरियममध्ये पहिली पातळी १२१.८ वर आहे आणि तिच्यावर २४४.७ ची पायरी, म्हणजे दुसरी ३६६.५ वर. भागाकार ३.०१. गॅडोलिनियममध्ये पहिली ३४४.३ वर, वर ४११.१ ची पायरी, म्हणजे दुसरी ७५५.४ वर. भागाकार २.१९. एक जवळजवळ फिरणारा, दुसरा जवळजवळ थरथरणारा. समॅरियममध्ये न्यूट्रॉन ९०, गॅडोलिनियममध्ये ८८. तीच वेस. समॅरियमचे समस्थानिक ओळीने घेतले तरी हेच दिसतं: १४४ मध्ये पहिली पातळी १६६० केईव्हीवर, १४८ मध्ये ५५०, १५० मध्ये ३३४, आणि १५२ मध्ये धाडकन १२२, मग १५४ मध्ये ८२.

इथे थांबून "झालं, आकार कळला" म्हणणारे बरेच भेटतात. थांबू नका. ऊर्जेचा भागाकार एवढंच सांगतो की केंद्रक फिरतंय. किती लांबट आहे ते सांगत नाही. त्यासाठी पातळ्यांच्या अंतरावरून जडत्व-आघूर्ण काढावं असं वाटेल, पण समॅरियम-१५२ साठी ते काढलं तर घन पिंडाच्या मानाने जेमतेम ४० टक्के येतं. आतले कण जोड्यांनी बांधलेले असतात आणि केंद्रकाचा बराचसा भाग फिरण्यात सामीलच होत नाही. कच्चं अंडं आणि उकडलेलं अंडं फिरवून बघितलं असेल तर यातली गंमत कळेल. कवच तेच, आकार तोच, फिरण्याची तऱ्हा वेगळी.

किती लांबट, हे कळायला पातळीचं आयुष्य लागतं. माझा सगळ्यात जास्त वेळ यातच गेलेला आहे, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

विकृत केंद्रक एका पातळीवरून खालच्या पातळीवर उतरताना चतुर्ध्रुव प्रकारचं गॅमा किरण सोडतं. ते किती सहज सुटतं हे विद्युतभार किती लांबवर पसरलाय यावर अवलंबून आहे. जितकं लांबट, तितकं उतरणं जलद, तितकं आयुष्य कमी. फक्त एक तिढा आहे: उतरण्याचा वेग ऊर्जेच्या पाचव्या घातावरही अवलंबून असतो. वरच्याच जोडीचं गणित करू. समॅरियमच्या १२१.८ च्या पातळीचा अर्धायुकाल १.४ नॅनोसेकंद. गॅडोलिनियमच्या ३४४.३ च्या पातळीचा सुमारे ३२ पिकोसेकंद. वरवर पाहता समॅरियमचं आयुष्य ४३ पट जास्त, म्हणजे तेच कमी विकृत? पण ऊर्जांच्या भागाकाराचा पाचवा घात १८० येतो. शिवाय १२१.८ च्या बाबतीत निम्म्याहून जास्त वेळा गॅमा किरण सुटतच नाही. ऊर्जा थेट अणूतल्या इलेक्ट्रॉनला मिळते आणि तो बाहेर फेकला जातो. त्यामुळे नुसत्या गॅमाचा वेग आणखी निम्म्याखाली येतो. हे सगळं धरलं की समॅरियमची संक्रमणशक्ती, म्हणजे ऊर्जेचा परिणाम वगळून उरणारी गॅमा सोडण्याची क्षमता, गॅडोलिनियमच्या साधारण दुप्पट निघते. इलेक्ट्रॉनवाली दुरुस्ती विसरणं ही नवख्या विद्यार्थ्यांची ठरलेली चूक आहे. उत्तर दुपटीने चुकतं आणि तरीही बघायला ठीकठाक दिसतं.

या शक्तीवरून समॅरियम-१५२ चा विकृतीचा आकडा, ज्याला आम्ही बीटा म्हणतो, सुमारे ०.३१ येतो. सोप्या भाषेत लांब अक्ष आखूड अक्षाच्या १.३ पट. एवढंच. चित्रांत रग्बीचा चेंडू दाखवतात तो जरा ओढूनताणून. खरं केंद्रक एखाद्या बटाट्याइतकं लांबट असतं. गॅडोलिनियमसाठी तेच सूत्र ०.२१ देतं, पण तो आकडा जपून वापरा. तिथे ती कायमची विकृती नाही, थरथरण्याची सरासरी आहे. सूत्राला त्यातला फरक कळत नाही, आपल्याला कळला पाहिजे.

आयुष्य मोजतात कसं? नॅनोसेकंदांच्या घरात असेल तर सरळ घड्याळ लावून. लँथॅनम ब्रोमाइडचे शोधक आता काही पिकोसेकंदांपर्यंतही उतरतात. त्याखाली घड्याळ चालत नाही, तिथे केंद्रकाच्या धावेलाच घड्याळ बनवतात. प्रवेगकातून आलेला पुंज (कणांचा झोत) पातळ पत्र्यावर आदळला की तयार झालेलं केंद्रक प्रकाशाच्या साधारण २ टक्के वेगाने पुढे उडतं. म्हणजे एका पिकोसेकंदात ६ मायक्रोमीटर. पुढे ठरावीक अंतरावर दुसरा जाड पत्रा ठेवायचा. उडता उडता गॅमा सुटला तर डॉप्लर परिणामाने त्याची ऊर्जा सरकलेली दिसते, पत्र्यात थांबल्यावर सुटला तर मूळची. अंतर बदलत दोन्ही शिखरांची उंची मोजली की आयुष्य हातात. हे दोन पत्रे काही मायक्रोमीटरवर समांतर ठेवण्याची कसरत ज्याने केली आहे त्यालाच तिची किंमत. पुंजाच्या उष्णतेने पत्रा किंचित फुगला तरी सगळं मुसळ केरात.

आयुष्य पिकोसेकंदाहूनही कमी असेल तर पातळ पत्र्याला मागून जाड धातू चिकटवतात आणि केंद्रक धातूत मंदावत असतानाच गॅमा सुटतो. रेषेचा आकार पसरट होतो, त्या पसरटपणात आयुष्य दडलेलं असतं. माझ्या पीएच.डी.चं पहिलं मोठं विश्लेषण हेच होतं आणि ते चुकलं होतं. उत्तर आलं होतं की केंद्रक अपेक्षेपेक्षा ३० टक्के कमी विकृत आहे. मी हरखून गेलो, नवीन काही सापडलं म्हणून. सरांनी एकच विचारलं: "वरून येणाऱ्या वाटा किती वेळ घेतात, ते धरलंस का?" धरलं नव्हतं. मी मोजत असलेल्या पातळीत बाजूच्या न दिसणाऱ्या पातळ्यांवरून केंद्रकं उशिरा उतरत होती, आणि तो उशीर मी तिच्याच आयुष्यात जमा करत होतो. आयुष्य दुप्पट वाटलं की विकृती वर्गमुळाने घटते, बरोबर ३० टक्के. उपाय म्हणजे वरच्या रेषेवर अट घालून फक्त तिथून आलेली केंद्रकं निवडायची. त्याने मोजणीची संख्या दहावा हिस्सा उरते आणि पुंजवेळ आणखी मागावा लागतो. मागितला. पुढे तीन महिने वाट पाहिली.

हे काम मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारातल्या पेलेट्रॉनवर होतं, १४ दशलक्ष व्होल्टचा प्रवेगक. दिल्ली आणि कोलकात्याच्या प्रवेगकांवरही होतं. या तिन्ही ठिकाणी आळीपाळीने बसणारा गॅमा शोधकांचा ताफा आहे, 'इंडियन नॅशनल गॅमा अ‍ॅरे'. आद्याक्षरं जोडून त्याला 'इंगा' म्हणतात. मराठी माणसाला हसू येणारच, आणि नाव सार्थही आहे, कारण पहाटे तीनला द्रव नायट्रोजन भरायची वेळ आली की तो नवख्याला इंगा दाखवतोच. त्यातला प्रत्येक शोधक म्हणजे चार पानांच्या फुलासारखे जर्मेनियमचे चार स्फटिक, भोवती विखुरलेले किरण टिपून ते गाळून टाकणारं कवच. १३०० केईव्हीच्या घरात दोन केईव्ही अंतरावरच्या रेषाही वेगळ्या दिसतात.

फिरवण्याच्या पद्धतीचं शिखर म्हणजे १९८६ मधला इंग्लंडमध्ये डेअर्सबरीला झालेला प्रयोग. डिस्प्रोझियम-१५२ इतकं वेगाने फिरवलं की स्पिन ६० च्या आसपास पोचला, आणि वर्णपटात सुमारे ४७ केईव्हीच्या समान अंतरावर कंगव्याच्या दातांसारखी १९ रेषांची रांग उभी राहिली. लांब अक्ष आखुडाच्या दुप्पट. असा वर्णपट मी छापील स्वरूपात पहिल्यांदा पाहिला तेव्हा बराच वेळ नुसता बघत बसलो होतो.

आता चिन्हाचा प्रश्न. संक्रमणशक्तीत विकृतीचा वर्ग येतो, आणि वर्ग केला की चिन्ह हरवतं. म्हणजे नारळासारखं लांबट आहे की पेढ्यासारखं चपटं, हे आयुष्यावरून कळत नाही. त्यासाठी ओढून बघण्याची पद्धत, कुलोम उत्तेजन. जड आयन केंद्रकाच्या जवळून न्यायचा, पण इतकाही जवळ नाही की दोघांची पृष्ठभागं भिडतील. साधारण ५ फेमटोमीटर (एक फेमटोमीटर म्हणजे १०⁻¹⁵ मीटर) मोकळं अंतर ठेवायचं. मग आण्विक बल मध्ये येत नाही, जे काही घडतं ते निव्वळ विद्युतबलाने, आणि त्याचं गणित आपल्याला पक्कं येतं. आयनाच्या विद्युतक्षेत्राने केंद्रक वरच्या पातळीवर चढतं, आणि चढल्यानंतरही आयन जवळच असतो, तो त्या लांबट केंद्रकाला हलकेच वळवतो. किती केंद्रकं वर चढली याचं प्रमाण या वळवण्याने किंचित बदलतं, आणि तो बदल लांबट असल्यास एका बाजूला, चपटं असल्यास दुसऱ्या बाजूला. समॅरियम-१५२ च्या पहिल्या पातळीचा चतुर्ध्रुव आघूर्ण अशाने सुमारे उणे १.७ बार्न येतो. उणे बघून गोंधळू नका. स्पिन २ ने फिरणारं लांबट केंद्रक बाहेरून चपटं भासतं, फिरणाऱ्या विटीची चकती दिसते तसं. आतला आकडा अधिकच आहे.

पुरेशा पातळ्यांच्या शक्ती अशा मिळाल्या तर त्या विशिष्ट प्रकारे जोडून कोणत्याही प्रतिमानाचा आधार न घेता विकृती, आणि तिन्ही अक्ष वेगळे आहेत की नाहीत, हेही काढता येतं. ही युक्ती १९७२ मध्ये कृष्ण कुमार यांनी मांडली आणि रॉचेस्टरच्या डग्लस क्लाइन यांच्या गटाने ती व्यवहारात आणली. माझ्या मते आकाराबद्दल सगळ्यांत प्रामाणिक बोलणारी पद्धत हीच. मात्र डझनभर आकडे चोख लागतात आणि ते जमवायला वर्षं जातात.

हीच पद्धत अस्थिर केंद्रकांवरही चालते, फक्त उलटी: अस्थिर केंद्रकाचाच पुंज करून तो स्थिर पत्र्यावर सोडायचा. २०१३ मध्ये सर्नच्या आयसोल्ड केंद्रात रेडियम-२२४ वर असंच केलं आणि ते नासपतीच्या आकाराचं, एका टोकाला फुगीर असल्याचं दाखवलं. रेडॉन-२२० मध्ये मात्र तो फुगवटा कायमचा नाही, या टोकाकडून त्या टोकाकडे हेलकावतो.

पुंज करता येण्याइतकीही केंद्रकं मिळत नसतील तर लेझर. अणूच्या वर्णरेषेची जागा केंद्रकाच्या सरासरी त्रिज्येवर किंचित अवलंबून असते, आणि घनफळ तेच ठेवून केंद्रक लांबलं तर ती त्रिज्या वाढते. याचं गाजलेलं उदाहरण पारा. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आयसोल्डमध्ये दिसलं की पाऱ्याचे समस्थानिक हलके होत जाताना नियमाने आक्रसतात, आणि १८७ वरून १८५ वर येताच एकदम फुगतात. त्याच्याही खाली सम वस्तुमानांकांचे आक्रसलेले, विषम फुगलेले, असा करवतीच्या दात्यांसारखा आलेख. २०१८ मध्ये हे मोजमाप १७७ पर्यंत नेलं, तेव्हा कळलं की ही करवत १८१ पाशी सुरू होऊन १८५ पाशी संपते, दोन्ही बाजूंना सगळं पुन्हा शहाण्यासारखं वागतं. त्रिज्येतली वाढ आकारामुळेच आहे की आणखी कशाने, हे मात्र लेझर एकटा सांगत नाही, दुसरी साक्ष लागते. आणि पाऱ्याच्या शेजारच्या शिशाने तर 'केंद्रकाचा आकार' हा शब्दप्रयोगच अडचणीत आणला. शिसं-१८६ मध्ये ७०० केईव्हीच्या आत स्पिन शून्याच्या तीन अवस्था आहेत, एक गोल, एक चपटी, एक लांबट. आकार केंद्रकाचा नसतो, त्याच्या अवस्थेचा असतो, असं म्हणणं जास्त बरोबर.

बाकीच्या पद्धती पटकन उरकतो. इलेक्ट्रॉन आदळवून विद्युतभाराचा नकाशा काढता येतो. हॉफस्टॅटर यांना १९६१ चं नोबेल यासाठीच मिळालं, आणि जपानमधल्या रिकेनने २०२३ मध्ये हेच प्रयोगशाळेत नुकत्याच बनवलेल्या अस्थिर केंद्रकांवर करून दाखवलं. म्यूऑन हा इलेक्ट्रॉनपेक्षा २०७ पट जड. तो अणूत पकडला गेला की केंद्रकाला जवळजवळ खेटून फिरतो आणि त्याच्या क्ष-किरणांत केंद्रकाच्या लांबीरुंदीचा ठसा उमटतो. फार तापलेल्या केंद्रकात सुट्या रेषाच उरत नाहीत, तिथे सगळे प्रोटॉन एकीकडे आणि न्यूट्रॉन दुसरीकडे असे जे महाकाय हेलकावे होतात ते बघतात. लांब अक्षावर हेलकावा संथ, आखूड अक्षावर जलद, म्हणून एका शिखराची दोन होतात. समॅरियम-१४४ मध्ये एकच शिखर, १५४ मध्ये १२ आणि १६ एमईव्हीच्या (एक एमईव्ही म्हणजे हजार केईव्ही) आसपास दोन. दोन्हींचा भागाकार बघा, पुन्हा तेच १.३.

आता तुमची बातमी. न्यूयॉर्कजवळच्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेतल्या स्टार या शोधकाच्या गटाने २०२४ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध केले. युरेनियम-२३८ ची केंद्रकं जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने समोरासमोर येतात. एकमेकांतून आरपार जायला त्यांना १०⁻²⁴ सेकंदांहूनही कमी वेळ लागतो, आणि फिरणाऱ्या केंद्रकाला वळायला त्याच्या हजारोपट वेळ हवा. म्हणजे शटर खरोखरच जलद आहे, नारळ वळायच्या आत पकडला जातो. दोन नारळ टोकाला टोक लावून भिडले तर भिडलेला भाग लहान, गोल आणि दाट. आडवे भिडले तर तो भाग लांबट आणि विरळ. दाट असेल तर बाहेर पडणारे कण जास्त जोराने सुटतात. लांबट असेल तर ते सगळ्या दिशांना सारखे सुटत नाहीत, एका दिशेने जास्त पसरतात. या दोन गोष्टींमधलं नातं लाखो टकरींतून मोजायचं आणि सोन्याच्या, म्हणजे बऱ्याच कमी विकृत केंद्रकाच्या टकरींशी ताडून बघायचं.

उत्तर आलं बीटा सुमारे ०.२९. जुन्या मोजमापांतूनही तेच येत होतं. युरेनियम-२३८ च्या पहिल्या दोन पातळ्या ४४.९ आणि १४८.४ केईव्हीवर आहेत, भागाकार ३.३०. ते लांबट आहे याबद्दल आमच्या क्षेत्रात अनेक दशकं कुणालाच शंका नव्हती. म्हणजे या प्रयोगात परीक्षा युरेनियमची नव्हती, पद्धतीची होती. ती पास झाली, हे खरंच मोठं काम आहे. तिचं वेगळेपण असं की ती नुसते प्रोटॉन नव्हे, न्यूट्रॉनही बघते, आणि सरासरीऐवजी क्षणिक मांडणी बघते. पण 'फोटो' हा शब्द वार्ताहरांचा. टकरीतून जो उकळता द्रव होतो तो कसा पसरतो याचं गणित मध्ये असल्याशिवाय आकाराचा आकडा निघत नाही, आणि असा टकरयंत्रातला पुंज मोजक्याच, तेही बहुतांशी स्थिर केंद्रकांचा मिळतो. रेडियम-२२४ तिथे न्यायचं म्हणाल तर आज तरी विसरा.

मग मी काय वापरेन? स्थिर, सम-सम केंद्रक असेल तर कुलोम उत्तेजन, आणि जोडीला एखाद्या पातळीचं स्वतंत्रपणे मोजलेलं आयुष्य. दोन्ही जुळले तरच मी लेखाला हात घालतो. वेगाने फिरणारी, उच्च स्पिनची अवस्था असेल तर आयुष्य मोजण्याला पर्याय नाही. सेकंदाला मूठभर अणू मिळत असतील तर लेझर. तापलेलं असेल तर महाकाय हेलकावे. न्यूट्रॉनांचा पसारा वेगळा हवा असेल तर मी माझ्या पंगतीबाहेरच्या माणसाला विचारेन. आणि कोणीही एकाच पद्धतीवरून आकार सांगितला तर दुसरी कुठली बघितली, एवढं जरूर विचारा.

तुम्ही एम.एस्सी.ला आहात, तर एक करून बघा. कॉलेजात जर्मेनियमचा शोधक असेल तर युरोपियम-१५२ चा वर्णपट रात्रभर लावून ठेवा. ४११.१ ची रेषा अशक्त आहे, शंभर विघटनांत दोनच्या आसपास, आणि शेजारीच ४४३.९ ची बसलेली असते. सोडियम आयोडाइडचा शोधक असेल तर त्या दोघी एकमेकींत मिसळतील आणि गॅडोलिनियमचा भागाकार नीट निघणार नाही. १२१.८ आणि २४४.७ मात्र त्यातही स्पष्ट दिसतील. दोन शोधक मिळाले तर एकावर ३४४.३ ची अट घाला, म्हणजे तिथे ३४४.३ आली त्याच क्षणी दुसऱ्यात आलेलं तेवढंच मोजा, आणि त्यात ४११.१ वर येते का बघा. नंतर अट १२१.८ वर न्या, म्हणजे २४४.७ उभी राहील आणि ४११.१ गायब होईल. अंशांकनाच्या प्रयोगाला सर एक तास देतात. त्यांच्याकडून एक रात्र मागून घ्या.